पहिल्या बर्फाचा कागद

मला एक सांगा, घडी घातलेल्या साध्या कागदाला माणसानं किती भ्यावं? साप आहे का तो? विंचू आहे? वीतभर कागद, त्यावर माझं स्वच्छ अक्षर, खाली कचेरीचा शिक्का, आणि आमच्या सपीदचाल गावाच्या खालच्या आळीत घरं तीन, पण तिन्ही घरांनी मला असं वागवलं की जशी मी साथीचा रोगच घेऊन आलेय! पहिल्या घरातला हैदरअली, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाला, "मोनीर खानम, आत या, चहा घ्या, जेवून जा, पण तो कागद खिशात ठेवा!" दुसऱ्या घरातल्या फखरी खानमनी दार उघडलंच नाही. खिडकीतून म्हणाल्या, "मी घरात नाही!" घरात नाही म्हणे! मग बोलतंय कोण, चहाचा समोवार?

आता त्यांची चूक म्हणावी तर तीही नाही. त्या दिवशी पहिला बर्फ पडत होता. पहिल्या बर्फाच्या दिवशी आमच्याकडे कुणी कुणाच्या हातून कागद घेत नाही, कारण आत काय लिहिलेलं असतं ते लहान पोरालाही पाठ आहे: "बर्फ आमचा, जेवण तुमचं!" एवढंच लिहायचं, घडी घालायची आणि गोड बोलून चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात सरकवायची. ज्यानं घेतली त्यानं आणणाऱ्याच्या सगळ्या कुटुंबाला जेवू घालायचं. पण त्यानं आधीच ओळखलं आणि आणणाऱ्याचं मनगट धरलं, तर मात्र आणणाऱ्याच्या तोंडाला चुलीची काजळी, आणि जेवणही त्याच्याच घरी! शहरात लोक हे विसरले म्हणतात. आम्ही कसे विसरू? आमच्याकडे दुसरं आहे काय? एक मशीद, एक भटारखाना, पाच महिने हिवाळा आणि एक बशी.

बशी म्हणजे चहाची नव्हे हो, डोंगरावरची. वर जाणारी तार, तारेला लोंबणारे दांडे, दांड्याच्या टोकाला बशीएवढी चकती. ती पायांमध्ये धरायची, की स्की लावलेला माणूस उभ्या उभ्या वर ओढला जातो. मोठ्या ठिकाणी खुर्च्या आहेत, काचेचे डबे आहेत. आमच्याकडे बशी. गुरुवार-शुक्रवारी तेहरानहून माणसं येतात, बशीला नावं ठेवतात आणि दिवसभर तिलाच लटकतात.

मी तिथे तिकिटाच्या खोलीशेजारी मसुराची गरम अदसी विकते आणि फळ्यावर बर्फाचं पत्रक लिहिते. त्या काळी गावात बारावी झालेली मी एकटीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. चार ओळी असतात: बर्फ किती, थंडी किती, वारा कुठला, बशी चालू की बंद. माप आणतो माझा नवरा सैफुल्ला. तो बशी चालवतो, आणि रोज सकाळी वर जाऊन लाल खुणांच्या काठीवर बर्फ मोजतो. आणि आमचे कारभारी तवक्कोली, ज्यांना सगळे मोहंदिस म्हणजे इंजिनिअर म्हणतात, ते माझ्या मागे उभे राहून कुजबुजतात, "मोनीर खानम, 'बर्फ उत्तम' लिहा ना!"

"आगा मोहंदिस, पंधरा सेंटिमीटर आहे. 'बरा' लिहिते."

"निदान 'चांगला'?"

"खालचे दगड दिसताहेत."

"दगड तर बारा महिने चांगले असतात!"

मी 'बरा'च लिहिला. एकवीस वर्षांत पत्रकात एक शब्द खोटा लिहिलेला नाही. पत्रकात नाही, हं... तोंडानं एकदा खोटं बोलले. एकदाच! आणि त्या एका खोट्यानं माझी काय गत केली, तेच तर सांगतेय.

तिसरं घर माझ्या थोरल्या नणंदेचं. कौकब वन्स. वय बासष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी, पण डोकं... तुम्हाला सांगते, काय बाई आहे! लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात मी नवी नवरी, त्या प्रेमानं म्हणाल्या, "मोनीर, ही आश सुपाची कृती लिहून आणलीय बघ, आमच्या भावाला फार आवडते." मी भाबडी, हात पुढे केला, उघडून बघते तर, "बर्फ आमचा, जेवण तुमचं!" बरं, ठीक आहे, मी नवखी होते. पण पुढे? एका वर्षी माझा रक्तदाब वाढलेला, मी दवाखान्यात गेले, नर्सनं गोळ्यांची चिठ्ठी दिली, मी घरी येऊन चष्मा लावून वाचली: "बर्फ आमचा, जेवण तुमचं. जेवणानंतर एक गोळी." नर्सलाच फितवलेली! आणि सगळ्यावर कडी म्हणजे त्या वर्षीची, जेव्हा मोहंदिसनी भोंगा बसवला आणि मी पत्रक वाचून दाखवायला लागले. गर्दी होती, दोनशे माणसं बशीच्या रांगेत, सैफुल्लानं मापाचा कागद दिला, मी आपली ठसठशीत आवाजात वाचतेय, "बर्फ चाळीस सेंटिमीटर, हवा उणे सात, वारा दर्याकडचा, बशी चालू, बर्फ आमचा, जेवण तुमचं!" शब्द तोंडातून गेल्यावर कळलं! कागद मध्ये कधी बदलला, कसा बदलला, आजपर्यंत माहीत नाही. रांगेतली तेहरानची मंडळी टाळ्या वाजवायला लागली, आणि एक वाजता सदतीस अनोळखी माणसं ताट मागायला माझ्या दारात! सदतीस! तरी त्यांना सुद्धा मी वाढलं, आणि भांडी घासताना चिडून चिडून शेवटी हसायलाच लागले. काय बाई आहे!

एकोणीस हिवाळे. एकोणीस वेळा हरले.

त्यातच, दोन वर्षांपूर्वी, माझ्या हातून ते पाप घडलं. आमच्या भाषेत बहमन हा महिना आहे, ऐन थंडीचा, आणि डोंगरावरून बर्फाचा कडा सुटून खाली येतो, त्यालाही बहमनच म्हणतात. वन्संचं घर त्या उताराच्या बरोबर खाली. मी पहिल्या बर्फाच्या दिवशी धापा टाकत गेले, चेहरा पाडला, आणि म्हणाले, "वन्स, बहमन येतोय, घर सोडा, ही कचेरीची सूचना घ्या!" नवऱ्यालाही शिकवून नेला होता, तोही मान हलवत उभा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे पाहिलं, आणि खटकन माझं मनगट धरलं. काजळी कानामागेपर्यंत फासली. वर म्हणाल्या, "भावजयबाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. डोळ्यांची उघडझाप होते." आता मला सांगा, लांडगा आला म्हणून एकदा ओरडल्यावर दुसऱ्यांदा कोण धावतं?

तर या वर्षी. या वर्षी बर्फच नाही! सुरुवातीला दोनदा भुरभुरला, उंबरठाही झाकला नाही, तो काही पहिला बर्फ म्हणून धरला नाही कुणी. मग बहमनच्या आधीचा अख्खा दय महिना कोरडा. निळं आकाश, हाडं फोडणारी थंडी, डोंगर उघडा, फक्त वरच्या सावलीत पातळ थर. तेहरानहून फोन, "खानम, बर्फ आहे?" नाही. "येईल?" अहो, मी पत्रक लिहिते, नशीब नाही लिहीत! मोहंदिस बशीच्या चाकाशेजारी खुर्ची टाकून चहा पीत आकाशाकडे बघत बसायचे, जसं काही तिकडून कुणी हाक मारणार आहे.

आणि मग चारचार लागला. हिवाळ्याचे पहिले चाळीस दिवस म्हणजे मोठा चिल्ला, पुढचे वीस धाकटा; मोठ्याचे शेवटचे चार दिवस आणि धाकट्याचे पहिले चार, वर्षातली सगळ्यात कडक थंडी. बहमनची सात तारीख, गुरुवार. पहाटे जाग आली ती आवाजानं नाही, आवाज नसल्यानं. ओढा गप्प, कुत्री गप्प, आमचा लाल कोंबडासुद्धा अर्ध्यात थांबला. पडदा सरकवला आणि... तुम्हाला कसं सांगू! चाळलेल्या पिठासारखा. वारा नव्हता, त्यामुळे तो पडतही नव्हता, हवेतून उतरत होता, एकेक कण आपली जागा शोधून बसत होता. भिंतीवर, अक्रोडाच्या फांदीवर, दोरीवर विसरलेल्या सैफुल्लाच्या पायजम्यावर... पायजमा सुद्धा देखणा दिसत होता हो! आठ वाजेपर्यंत काठीच्या चार लाल खुणा बुडाल्या. सैफुल्ला वरून आला तो भुवयांवर बर्फ घेऊन, पन्नाशीचा माणूस पोरासारखा हसतोय, "मोनीर, मुठीत धरला तर वळत नाही, फुंकर मारली की उडतो!" मोहंदिस माझ्या मागे येऊन उभे राहिले, पण बोलले काहीच नाहीत. मी खडू घेतला आणि आपण होऊन लिहिलं: 'बर्फ उत्तम'. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मोहंदिसनी डोळे पुसले. म्हणाले, थंडीनं पाणी येतंय.

आणि नऊ वाजता मी वन्संकडे गेले. कागद नाही, काही नाही, हातात फक्त लोकरीचे मोजे, लाल-पांढरे, तीन आठवडे बसून विणलेले. "वन्स, तुमचे पाय गार पडतात ना..." त्यांनी माझे हात तपासले, बाह्या तपासल्या, डोळ्यांत पाहिलं. मी उघडझाप केली नाही, कारण मी बोललेलं खरंच होतं, पाय गार पडतातच त्यांचे! त्यांनी मोजे घेतले. घेतले! हातात! "उद्या अंघोळ झाली की घालीन," म्हणाल्या. आणि उजव्या मोज्याच्या अंगठ्यात होती माझी चिठ्ठी: बर्फ आमचा, जेवण तुमचं!

जिंकले होते मी! वीस वर्षांत पहिल्यांदा! घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. कुणाला सांगायचं नाही, उद्या मोजे चढवताना त्यांचं त्यांनाच कळू दे, मग आम्ही सगळे वन्संच्या घरी जाऊन जेवू, त्यांच्या हातचं फेसनजान, अक्रोड-डाळिंबाचं, गावात तसं कुणी करत नाही...

दुपारी वारा सुटला. मागच्या बाजूचा, नेहमीचा नव्हे. चार वाजता सैफुल्ला खाली आला तेव्हा हसत नव्हता. त्यानं पत्रकाचा फळा आधी पुसला. मग माझ्यासमोर ताटलीत साखर ओतली, वर उशी ठेवली आणि ताटली जराशी तिरकी केली. उशी सरळ जमिनीवर. "खाली तो जुना बर्फ, थंडीनं साखर झालेला," म्हणाला. "वर हा मीटरभर. वारा सगळं उचलून खालच्या आळीच्या डोक्यावर नेऊन ठेवतोय. अंधार पडायच्या आत तिन्ही घरं रिकामी करायची." काठी, ताटली आणि एक उशी, एवढ्यावर या माणसाला डोंगराच्या पोटातलं कळतं. त्याला हे मी तोंडावर कधी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तर मी सूचना लिहिली, मोहंदिसनी शिक्का मारला, सैफुल्ला आणि मोहंदिस रस्ता अडवायला गेले आणि मी निघाले खालच्या आळीत. हैदरअलीनं कागद घेतला नाही, पण मी वाचून दाखवला तसं त्यानं उताराकडे पाहिलं आणि पोरं उचलली. फखरी खानम 'घरात नव्हत्या', पण मी खिडकीखाली वाचलेलं ऐकून त्या मागच्या दारानं निघून मशिदीत पोचल्याही. राहिलं एक घर.

"वन्स! दार उघडा! बहमन येतोय!"

आतून आवाज, "येतोय काय? आलाय! आज सात तारीख. कॅलेंडर नाही का घरात?"

"तो नव्हे हो! डोंगरावरचा!"

"तो दोन वर्षांपूर्वी आला होता की! अजून पोचला नाही? वाटेत चहाला थांबला असेल!"

आत हसले सगळे. सगळे म्हणजे वन्स, त्यांचे यजमान, दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं. अकरा माणसं त्या उताराखाली बसून माझ्या विनोदाला हसताहेत, आणि मी गुडघाभर बर्फात, हातात शिक्क्याचा कागद... "वन्स, तुमच्या भावाची शपथ!" "त्याची शपथ मागच्या खेपेलाही घेतली होतीस!" घेतली होती हो. खरंच घेतली होती. मी कळवलं तसा मोहंदिसनी रस्त्यावरून फोन केला, त्यांना म्हणाल्या, "शाबास, इंजिनिअरलाही फितवलंस? दवाखान्यातली नर्स राहिली आता!" आणि फोन ठेवला.

मी रडकुंडीला आले होते. आणि तेवढ्यात डोक्यात आलं, ही बाई कशासाठी घराबाहेर पडेल? जिवासाठी नाही पडणार. जिंकण्यासाठी पडेल! आणि मी इथे सकाळी जिंकून बसलेय, म्हणजे उद्या माझ्याकडची सगळी मंडळी सुद्धा याच घरात, याच उताराखाली, फेसनजान खायला... वीस वर्षांनी एकदा जिंकावं आणि तेही असं?

दार बोटभर उघडं होतं. वन्सच दाराआड टपलेल्या, मला माहीत होतं. मी तो कागद धरून हात आत घातला.

खटकन! "धरलं! धरलं हो! या सगळे!" दार उघडलं, काजळीची वाटी तयारच होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत मला माखलं, नातवंडं नाचताहेत, "बर्फ आमचा, जेवण तुमचं! बर्फ आमचा, जेवण तुमचं!"

"हरले, वन्स," मी म्हटलं. "जेवण आमच्याकडे. पण आज. आत्ता."

"आज? एवढ्या बर्फात? उद्या शुक्रवार, दुपारी येऊ की सावकाश."

"शुक्रवारी तेहरानची गर्दी असते, मला वेळ नाही. आज नाही तर नाही."

"अगंबाई, हरलेली अटी घालते! काय वाढणार आहेस?"

"लाल कोंबडा."

तीन वर्षं वन्स त्या कोंबड्यावर डोळा ठेवून होत्या, आणि तीन वर्षं मी त्याला कापू दिलेला नव्हता. घड्याळापेक्षा नेमका होता माझा कोंबडा. वन्संनी यजमानांकडे बघितलं, यजमान उठून बूट शोधायला लागले.

"आणि हो," मी म्हटलं, "तलाईलाही घेऊन या."

"गायीला? जेवायला?"

"बर्फ तिच्यावरही पडलाय ना!"

"काजळी डोक्यात गेली हिच्या," वन्स म्हणाल्या, आणि पाय गार पडले म्हणून आत गेल्या नवे मोजे चढवायला. आता चिठ्ठी सापडणार, आता म्हणतील, अगं, सकाळी तूच जिंकलीस, म्हणजे जेवण आमच्याकडे, बसा सगळे!

फार वेळ लागला त्यांना. बाहेर आल्या तेव्हा पायांत लाल-पांढरे मोजे होते आणि तोंडावर हसू नव्हतं. माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून उताराकडे पाहिलं, खूप वेळ. आणि गोठ्यात जाऊन त्यांनी तलाईला सोडलं, कोंबड्या पोत्यात भरल्या, चुलीतले निखारे विझवले आणि सुनांना म्हणाल्या, "जाड कपडे घ्या. आणि भिंतीवरची तसबीर घ्या."

जेवायला कोण तसबीर नेतं? पण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी पुढे, काजळी फासलेली, मागे अकरा माणसं, एक गाय आणि पोत्यात ओरडणाऱ्या कोंबड्या, अशी वरात भर बर्फात वर चढली. आमचा कोंबडा म्हातारा, शिजता शिजेना, दोनदा चुलीवर चढवला. वन्संनी एक घास चावला, पुन्हा चावला, पुन्हा चावला, आणि म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय." काय बाई आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आरवायला कोणी नव्हतं, म्हणून सगळे झोपलेलेच होतो. सव्वासातला कडा सुटला. आधी 'हुं' असा खोल आवाज, मग खिडक्या थरथरल्या, मग बर्फाचा धूर, मग काही नाही. आम्ही अंगणात जाऊन उभे राहिलो. हैदरअलीचं कुंपण गेलं, फखरी खानमचं खुराडं गेलं. वन्संचं स्वयंपाकघर गेलं, गोठा गेला, झोपायच्या खोलीत खिडकीपर्यंत बर्फ.

मग वन्संनी खिशातून माझी चिठ्ठी काढली, अंगठ्याच्या आकाराची झालेली. "मोजे चढवताना सापडली," म्हणाल्या. "सकाळी जिंकलेली बाई संध्याकाळी हरायला कशाला येईल, असं मनात आलं, आणि म्हणून गाय सोडली." चिठ्ठीची घडी नीट केली. "मोजे मी नऊला घेतले, तुझा हात धरला पाचला. आधीचं ते खरं. मोनीर, तू जिंकलीस. जेवण माझ्याकडे. फेसनजान करीन. तेवढं स्वयंपाकघर होऊ दे."

मी फळ्यावर पत्रक लिहिलं: बर्फ एक मीटर दहा, हवा उणे नऊ, वारा नाही, आकाश निळं, बशी बंद. मग घरी आले आणि अकरा पाहुण्यांचा नाश्ता केला.